हाउ टू गेट अवे विथ मर्डर: खून राहू दे बाजूला, त्या वकीलबाई बघा

सुरुवातीलाच सांगते, खुनी कोण हे ओळखायच्या नादात ही सिरीज लावणार असाल तर पहिला सीझन मस्त जाईल, दुसरा बऱ्यापैकी जाईल आणि तिसऱ्याच्या मध्यावर तुमच्या हातात मोबाइल आलेला असेल. पण अ‍ॅनलीस कीटिंग नावाची ही बचाव पक्षाची वकीलबाई नक्की आहे कोण, कुठून आलीये, कोर्टात एवढी डेंजर का वागते, ह्यासाठी बघितलीत तर सहाच्या सहा सीझन निभावून जातात, म्हणजे मधे शिव्या घालत का होईना पण जातात. एकूण ९० एपिसोड आहेत, प्रत्येक सीझनला १५. सप्टेंबर २०१४ मध्ये अमेरिकेत एबीसी चॅनेलवर सुरू झाली आणि मे २०२० मध्ये संपली. पीटर नोवॉकने बनवलेली पण कंपनी मसालेदार अमेरिकन सिरीज काढणाऱ्या शोंडा राइम्सची, त्यामुळे दर थोड्या वेळाने कोणीतरी कोणाच्या तरी तोंडावर दार आपटणार आणि एपिसोड संपताना तुमच्या तोंडाचा आ झालेला असणार हे धरूनच चला.

स्पॉयलरचं म्हणाल तर पहिल्या दोन सीझनमधलं बरंच काही आणि चौथ्यातली मोठी कोर्टकेस खाली आली आहे. शेवट फोडलेला नाही.

गोष्ट घडते फिलाडेल्फियात, मिडल्टन नावाच्या काल्पनिक युनिव्हर्सिटीच्या लॉ स्कूलमध्ये. बाई तिथे क्रिमिनल लॉ शिकवतात आणि बाहेर वकिली करतात. वर्गातली पाच मुलं निवडून आपल्या ऑफिसात कामाला घेतात, वेस, कॉनर, मिकेला, लॉरेल आणि अ‍ॅशर. ऑफिसात आधीपासून बॉनी आणि फ्रँक आहेत, त्यातली बॉनी वकील आणि फ्रँक म्हणजे जे काम वकिलाने करू नये ते करणारा माणूस. मुलांमध्ये जो चमकेल त्याला न्यायदेवतेची एक ट्रॉफी मिळते, ती ज्याच्याकडे असेल त्याला एक परीक्षा माफ. आणि पहिल्याच सीझनमध्ये ह्याच ट्रॉफीने एका माणसाचं डोकं फुटतं. न्यायदेवतेच्या पुतळ्याने खून, म्हणजे प्रतीक वगैरे किती ढळढळीत असावं माणसाने, पण राव त्या वेगात ते चालून जातं.

वेगाबद्दल म्हणजे असं की सिरीज सरळ रेषेत जात नाही. पहिल्या एपिसोडमध्येच चार मुलं रात्री जंगलात, बाजूला प्रेत, कॉलेजात शेकोटीचा जल्लोष चालू, आणि प्रेताचं काय करायचं ह्यावर नाणं उडवतायत. मग काही महिने मागे. मग परत जंगल. दर एपिसोडला त्या रात्रीचा अजून एक तुकडा हाती येतो आणि तुम्ही आधी जो अर्थ लावलेला असतो तो उलटा होतो. पहिल्या सीझनच्या नवव्या एपिसोडपर्यंत हे इतकं घट्ट विणलंय की झोप उडते. पुढच्या प्रत्येक सीझनला हीच ट्रिक वापरलीये, आणि ट्रिक कळली की मजा कमी होणारच.

आता मुद्द्याचं. पहिल्या एपिसोडमधली केस अशी आहे की एका बाईवर बॉसला मारायचा प्रयत्न केल्याचा आरोप आहे, बॉसला अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी आणि ह्या बाईने त्याच्या औषधाच्या जागी अ‍ॅस्पिरिन ठेवली असं सरकारी पक्षाचं म्हणणं. अ‍ॅनलीस वर्गात मुलांना केस जिंकायच्या तीन पायऱ्या सांगते. पहिली, समोरच्याच्या साक्षीदारांची विश्वासार्हता संपवा. दुसरी, दुसरा एक संशयित आणून उभा करा. तिसरी, पुरावा गाडून टाका, म्हणजे ज्यूरीसमोर इतकी माहिती ओता की आत चर्चेला जाताना त्यांच्या डोक्यात फक्त गोंधळ राहिला पाहिजे. फौजदारी केसमध्ये बारा जणांचं एकमत लागतं, त्यामुळे बचाव पक्षाला आरोपी निर्दोष आहे हे सिद्धच करायचं नसतं, बारातल्या एकाच्या जरी मनात वाजवी संशय अडकून बसला तरी दोषी ठरवता येत नाही. (आपल्याकडे ज्यूरी म्हटलं की लोकांना डायरेक्ट १९५९ ची नानावटी केस आठवते, तिथे आठ विरुद्ध एक असा निकाल आला होता, आणि न्यायाधीशांनाच तो पटला नाही म्हणून मामला हायकोर्टात गेला.) पेपरात आपण 'संशयाचा फायदा मिळून सुटका' असं वाचतो ना, ह्या बाईंचा सगळा धंदा त्या एका ओळीवर उभा आहे.

ह्या तीन पायऱ्या नीट लक्षात ठेवून पुढे बघा, कारण माझ्या मते अख्ख्या सिरीजची किल्ली तिथे आहे आणि सिरीज स्वतः ते कधी मोठ्याने बोलून दाखवत नाही. अ‍ॅनलीसने ह्याच तीन पायऱ्या स्वतःच्या भूतकाळावर वापरल्यात. जो कोणी तिला आधीपासून ओळखतो त्याला तिने लांब केलंय किंवा खोटं पाडलंय. खऱ्या बाईच्या जागी दुसरी बाई उभी केलीये, उंच टाचा, कडक ड्रेस, चकाचक केस, खालच्या पट्टीतला आवाज. आणि बाकीचं सगळं इतक्या केसेस, इतक्या भानगडी, इतक्या नाटकांखाली गाडलंय की समोरचा माणूस गोंधळून जातो. पहिल्याच एपिसोडमध्ये वेस तिला एका परक्या माणसाबरोबर नको त्या अवस्थेत बघतो आणि नंतर ती त्याच्यासमोर रडते, सांगते की मी आणि माझा नवरा मूल व्हावं म्हणून प्रयत्न करतोय वगैरे. तो पोरगा विरघळतो. आपणही विरघळतो. आणि दोन मिनिटांनी डोक्यात येतं, थांब, हे रडणं खरं होतं की ही पण ज्यूरीसमोरची अ‍ॅक्टिंग? सहा सीझन संपेपर्यंत हा प्रश्न सुटत नाही आणि तो सुटू नये हेच बरं आहे.

मग तोच परका माणूस, नेट लाहे, पोलीस डिटेक्टिव्ह, त्याला ती कोर्टात साक्षीला उभा करते आणि पोलीस खात्यात व्हिडिओ फुटेजमध्ये फेरफार होतात का हे शपथेवर विचारते. म्हणजे ज्याच्याशी अफेअर चालू आहे त्याचीच नोकरी पणाला लावायची, तीही भर कोर्टात, आणि चेहऱ्यावर एक रेष हलू द्यायची नाही. केस जिंकते. मागच्या बाकावर बसलेला वेस बघत असतो, त्याचा चेहरा बघा तिथे.

कायद्याच्या दृष्टीने हे सगळं किती खरं? फारसं नाही. अशिलाशी ज्याचा संबंध नाही असा वकिलाचा स्वतःचा खाजगी स्वार्थ केसमध्ये अडकला असेल तर अमेरिकेत त्याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात, अशिलाला ते सांगून त्याची लेखी संमती घ्यावी लागते, आणि काही ठिकाणी तर संमती घेऊनही चालत नाही. पहिल्या सीझनची मेन केस घ्या. लायला नावाच्या कॉलेजातल्या मुलीचं प्रेत पाण्याच्या टाकीत सापडतं, आरोप रिबेका नावाच्या मुलीवर येतो आणि अ‍ॅनलीस रिबेकाचं वकीलपत्र घेते. इकडे अ‍ॅनलीसचा नवरा सॅम, तोही तिथेच प्रोफेसर, त्याचे ह्या लायलाशी संबंध होते. म्हणजे जिचा बचाव करायचा तिच्याऐवजी स्वतःचा नवराच खुनी असू शकतो, आणि बाई वकीलपत्र सोडत नाहीत! खऱ्या आयुष्यात सनद जायला एवढं पुरेसं आहे, बाकी प्रेतं वगैरे लांबच राहिली. पण थ्रिलर म्हणून बघितलं तर ही मांडणी फार हुशार आहे, कारण रिबेकासाठी दुसरा संशयित उभा करायचा तर तो अ‍ॅनलीसच्या बेडरूममध्ये झोपलाय.

मुलं तर काय, कोणाच्या तरी कॉम्प्युटरमधून ईमेल काढून आणतात आणि बाई ते कोर्टात फडकवतात. ह्यात एक गंमत आहे. १९६१ च्या मॅप विरुद्ध ओहायो ह्या निकालापासून पोलिसांनी बेकायदा झडती घेऊन मिळवलेला पुरावा अमेरिकेत राज्यांच्या कोर्टातही आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, पण तो लगाम सरकारी यंत्रणेला आहे, खाजगी माणसाने ढापलेला कागद त्या नियमाने आपोआप बाद होत नाही. बचाव पक्षाच्या वकिलाची गोची वेगळी, हाताखालच्या माणसाने काय उद्योग केले ह्याची जबाबदारी व्यावसायिक नियमांप्रमाणे वकिलावर येते. म्हणजे ईमेल कोर्टात टिकेलही कदाचित, बाई टिकणार नाहीत. सिरीजला ह्यात रस नाही, त्यांना फक्त सरकारी वकील 'ऑब्जेक्शन' ओरडताना दाखवायचं असतं. आणि दर आठवड्याला एक खटला उभा राहून निकालापर्यंत जातो हे तर विसरूनच जा. २०१२ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानेच एका निकालात आकडे दिले होते, संघराज्याच्या कोर्टात ९७ टक्के आणि राज्यांच्या कोर्टात ९४ टक्के शिक्षा आरोपीने गुन्हा कबूल करून होतात. म्हणजे खरी अ‍ॅनलीस वर्षातले बरेच दिवस कॉरिडॉरमध्ये उभं राहून सरकारी वकिलाशी घासाघीस करत असती. ते बघायला कोण बसणार.

आता तो सीन. पहिल्या सीझनच्या चौथ्या एपिसोडचा शेवट. नुसता हा एक सीन बघायला म्हणून कोणी सिरीज सुरू केली तरी मी समजू शकते. रात्रीची वेळ, अ‍ॅनलीस आरशासमोर बसलीये. आधी दागिने उतरवते. मग केस, म्हणजे विग, तो उचलून बाजूला ठेवते आणि खाली तिचे स्वतःचे बारीक कापलेले केस. मग खोट्या पापण्या ओढून काढते. मग ओल्या कापडाने मेकअप पुसते, हळूहळू, गालावरचा, ओठांवरचा, आणि इतका वेळ कोर्टात सगळ्यांना गारद करणारा तो चेहरा जाऊन एक थकलेली, पन्नाशीकडे झुकलेली बाई समोर बसलेली दिसते. नवरा खोलीत येतो. ती त्याला त्या मेलेल्या मुलीच्या फोनमधल्या फोटोबद्दल एकच प्रश्न विचारते, तो प्रश्न मी इथे लिहू शकत नाही, ऐका तुम्हीच. हे काम करणाऱ्या वायोला डेव्हिसने मुलाखतींमध्ये सांगितलंय की विग काढायला मिळणार असेल तरच हा रोल करायचा असं तिचं म्हणणं होतं. बरोबरच आहे तिचं. टीव्हीवर काळी बाई झोपताना सुद्धा सेट केलेल्या केसांत दिसते, आणि इथे प्राइम टाइमला नॅशनल चॅनेलवर ते सगळं उतरवून दाखवलं. मला विचाराल तर आख्ख्या सिरीजमधली सगळ्यात जबरदस्त उलटतपासणी ही आहे आणि ती कोर्टात नाही.

ह्याच रोलसाठी तिला २०१५ मध्ये एमी मिळालं, ड्रामा सिरीजमधल्या मुख्य अभिनेत्रीचं एमी मिळवणारी ती पहिली काळी बाई. स्टेजवर तिने हॅरिएट टबमनचे, म्हणजे गुलामगिरीतून निसटून इतरांनाही सोडवणाऱ्या बाईचे, शब्द वाचले होते आणि म्हणाली होती की फरक फक्त संधीचा आहे. ते भाषण कधीतरी बघा.

पण माझं मन ज्याच्यावर बसलंय तो एपिसोड तेरावा, पहिल्याच सीझनचा, ज्यात तिची आई येते. आईचं काम सिसिली टायसनने केलंय, तेव्हा नव्वदीला आलेली बाई, आणि आल्या आल्या अख्ख्या घराचा ताबा घेते. सगळं जग जिला अ‍ॅनलीस म्हणून घाबरतं तिला ती 'अ‍ॅना मे' म्हणून हाक मारते. अ‍ॅना मे हार्कनेस, मेम्फिसची. झालं, विग-बिग सगळं तिथेच गळून पडतं. तुम्ही बाकी कोणालाही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून खोटं पाडू शकता हो, पण जी बाई तुम्हाला अंघोळ घालायची तिला काय खोटं पाडणार? अ‍ॅनलीसच्या तीनही पायऱ्या आईसमोर फेल. लहानपणी घरात राहणाऱ्या काकाने तिच्याशी जे केलं ते आईला माहीत होतं आणि तरी तू गप्प बसलीस, हा राग ती इतकी वर्षं धरून आहे, आणि तो ती बाहेर काढतेही. मग नंतर आई तिला खाली बसवून तिचे गुंतलेले केस फणीने सोडवता सोडवता एक गोष्ट सांगते. तो काका एके रात्री पिऊन पडलेला, हिने पोरांना घराबाहेर काढलं आणि लांब काडी घेऊन घर पेटवून दिलं. आवाज चढत नाही, म्युझिक वाढत नाही, फणी चालूच. फणी अडकते तिथे अडकते, पुढे सरकते. मुलगी काही बोलत नाही. खून करून सुटायचं कसं हे शिकवणारी प्रोफेसर, आणि ते आधी घरी कोणी केलं होतं हे तिला आत्ता कळतंय. लेखकांनी इथे एकही शब्द जास्तीचा टाकलेला नाही, ही सिरीज असून.

लपवलेला भूतकाळ असा वापरावा. तो कळल्यावर मागचे बारा एपिसोड वेगळे दिसायला लागले पाहिजेत. ती कोणत्या केसेस घेते, कोणावर दया करते, पुरुष साक्षीदारांना कशी फाडते, नवऱ्याला सोडत का नाही, सगळ्याला एक धागा मिळतो.

दुसऱ्या सीझनमध्ये ह्याच्याही पुढे जातात. तिथे जे बाहेर येतं ते तिच्यावर झालेलं नाहीये, तिने केलेलं आहे. दहा वर्षांपूर्वी ती एका गडगंज घरातल्या मुलाची केस लढत होती, त्याच्या बाजूने साक्ष द्यायला तिला रोझ नावाची एक बाई हवी होती, आणि ती बाई घाबरलेली, साक्ष द्यायला तयार नाही. अ‍ॅनलीस वकील म्हणून जे येतं ते करते, समजावते, दबाव आणते, परत जाते, परत दबाव आणते. रोझ तिच्यासमोर स्वतःला संपवते. तिचा लहान मुलगा मागे राहतो. तो मुलगा म्हणजे वेस. वेटिंग लिस्टवरून आयत्या वेळी अ‍ॅडमिशन मिळालेला तो बावळट चेहऱ्याचा पोरगा, ज्याच्याशीच बाई इतकं मऊ वागतात आणि बाकीची चार मुलं जळतात, ते का, ते आत्ता कळलं. हा धक्का मला काकाच्या प्रकरणापेक्षाही जास्त बसला, कारण काका हा सरळ राक्षस आहे, त्यात अ‍ॅनलीसचा दोष शून्य. रोझच्या बाबतीत मात्र तिने फक्त तिचं काम चोख केलं आणि एक बाई मेली. साक्षीदारावर किती जोर लावायचा ह्याची रेघ कुठल्याच पुस्तकात आखून दिलेली नसते, आणि जी बाई रोज वर्गात साक्षीदार कसा मोडायचा हे शिकवते ती आतून काय घेऊन फिरतेय हे कळल्यावर ते लेक्चरचे सीन परत बघवत नाहीत.

आणि मग लेखकांना चटक लागली. तिसऱ्या सीझनपासून प्रत्येकाचा भूतकाळ, प्रत्येकाच्या बापाचा भूतकाळ, मेलेल्या नवऱ्याचा भूतकाळ, त्याच्याही आधीच्या बायकोचा भूतकाळ. विहीर आटली तरी पोहरा टाकतच राहतात. फ्रँकने काय केलं होतं, लॉरेलच्या बापाने काय केलं, पाचव्या सीझनला एक नवीन पोरगा उगवतो तो कोणाचा, हे सगळं आठवत ठेवायचं म्हणजे वही घेऊन बसावं लागेल. धक्के बसतात पण त्यातून आपल्याला अ‍ॅनलीसबद्दल नवीन काही कळत नाही, आणि माझ्या लेखी तोच फरक आहे. पाचही मुलांचं रडगाणं तर अति होतं, 'तुमच्यामुळे आमचं आयुष्य बरबाद झालं' हा डायलॉग वेगवेगळ्या चेहऱ्यांनी इतक्यांदा येतो की एका पॉइंटला मी स्क्रीनकडे बघून म्हटलं, अरे मग जा ना पोलिसात. मिकेलाचं काम करणारी अजा नेओमी किंग आणि कॉनर झालेला जॅक फलाही चांगले आहेत, लिझा वाइलची बॉनी तर फारच भारी, कमी बोलून जास्त करणारी. बाकीच्यांबद्दल न बोललेलं बरं.

तिसऱ्या सीझनचा मधला धक्का मात्र खरा आहे, चादरीखाली कोणाचं प्रेत हा प्रश्न आठ एपिसोड ताणून नवव्याला उत्तर देतात आणि उत्तर दुखतं.

चौथा सीझन पुन्हा रुळावर येतो आणि ह्याचं कारण म्हणजे शेवटी एकदाची एक अशी केस येते जी खुनापेक्षा मोठी आहे. अ‍ॅनलीस पेनसिल्व्हेनिया राज्याविरुद्ध एक सामूहिक दावा दाखल करते, म्हणणं असं की गरीब आरोपींना सरकारकडून जे वकील मिळतात त्यांच्यावर कामाचा इतका बोजा आहे आणि पैसे इतके कमी की तो बचाव नावापुरता उरलाय. ह्याची मुळं खऱ्या इतिहासात आहेत. क्लॅरन्स अर्ल गिडियन नावाच्या माणसावर फ्लोरिडात एका पूल हॉलमध्ये (बिलियर्ड्ससारखा खेळ चालतो ती जागा) घरफोडीचा आरोप होता, वकील करायला पैसे नव्हते, कोर्टाने वकील द्यायला नकार दिला, त्याने स्वतःच केस लढवली आणि हरला. मग तुरुंगातून पेन्सिलने लिहून त्याने सुप्रीम कोर्टाला अर्ज पाठवला. १९६३ मध्ये कोर्टाने एकमताने निकाल दिला की गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात गरीब आरोपीला वकील देणं राज्यावर बंधनकारक आहे. परत खटला चालला, ह्या वेळी वकील होता, आणि ज्यूरीने त्याला साधारण तासाभरात निर्दोष सोडलं. तोच माणूस आणि तोच आरोप, फक्त ह्या वेळी शेजारी वकील.

निकाल लागला पण पैसे कोण देणार हे कोर्टाने सांगितलं नाही. पेनसिल्व्हेनियात हा खर्च वर्षानुवर्षं राज्याने न देता एकेका काउंटीवर (आपल्याकडचा जिल्हा समजा) टाकलेला, मग ज्या काउंटीकडे पैसे नाहीत तिथले आरोपी रामभरोसे. २०१६ मध्ये लुझर्न काउंटीच्या प्रकरणात पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की पैशांच्या ह्या उपासमारीविरुद्ध आरोपी दावा लावू शकतात, शिक्षा होईपर्यंत थांबायची गरज नाही. म्हणजे सिरीजमध्ये २०१८ साली अ‍ॅनलीस जे करते ते अगदीच हवेतलं नाहीये, कोणीतरी बातम्या वाचून लिहिलंय हे दिसतं. ही लुझर्न काउंटी म्हणजे तीच, जिथल्या दोन न्यायाधीशांनी खाजगी बालसुधारगृहवाल्यांकडून पैसे घेतले आणि त्या काळात पोरांना किरकोळ कारणांवरून धडाधड आत पाठवलं गेलं. नुसतं त्याच्यावर एक सिरीज होईल.

दावा वर जात जात वॉशिंग्टनला सुप्रीम कोर्टात पोचतो आणि तिथे 'स्कँडल' ह्या दुसऱ्या सिरीजमधली ऑलिव्हिया पोप मदतीला येते, दोन्ही सिरीजचे एपिसोड १ मार्च २०१८ ला पाठोपाठ दाखवले होते. वायोला डेव्हिस आणि केरी वॉशिंग्टन एका फ्रेममध्ये, फॅन लोकांची दिवाळी. प्रत्यक्षात तिथे कॅमेऱ्याला परवानगी नाही, प्रत्येक बाजूला साधारण अर्धा तास मिळतो, पाच मिनिटं उरली की पोडियमवर पांढरा दिवा आणि वेळ संपली की लाल, आणि तेव्हा तर न्यायमूर्ती दोन वाक्यं सलग बोलू देतील तर शपथ. शिवाय त्या कोर्टात उभं राहायला जी वेगळी नोंदणी लागते तिला अट आहे की आधीच्या तीन वर्षांत शिस्तभंगाची कारवाई झालेली नसावी. बाईंची सनद आदल्याच सीझनला निलंबित झालेली! असो. तिचा युक्तिवाद मात्र ऐकण्यासारखा आहे, कारण इथे तिच्या तीन पायऱ्यांपैकी एकही वापरता येत नाही. मोडायला साक्षीदार नाही, दुसरा संशयित नाही, गोंधळ घालायला ज्यूरी नाही. नऊ न्यायमूर्ती आणि ती. तिला पहिल्यांदा सरळ बोलावं लागतं आणि ती घाबरलेली दिसते, आणि ते घाबरणं डेव्हिसने आवाजात इतकं बारीक आणलंय की हेडफोन लावून ऐका.

पाचवा सीझन एका मोठ्या लॉ फर्ममध्ये आणि गव्हर्नरच्या कारस्थानात जातो. पुढे ढकलत बघा, फार काही चुकणार नाही.

सहाव्यात अ‍ॅनलीस स्वतः आरोपीच्या जागी बसते. हे कधीतरी होणारच होतं. तिथेही भानगडींचा पसारा आहे, पण शेवटच्या एपिसोडमध्ये ती स्वतःच्याच खटल्यात समारोपाचं भाषण करायला उठते, आणि इतकी वर्षं जे गाडलं होतं ते, विग, मेकअप, अ‍ॅना मे, सगळं स्वतःच्या तोंडाने ज्यूरीपुढे मांडते. मी चांगली नाही, पण तुम्ही म्हणता ती राक्षसीणही नाही, असा एकूण सूर. निकाल काय लागतो ते सोडा. मला फक्त एकच शंका राहिली, पहिल्या एपिसोडमध्ये वेससमोर रडली होती तशीच ही पण नाही ना? दोन्ही सीन पाठोपाठ लावून बघा आणि तुम्हाला काय वाटतं ते कमेंटमध्ये सांगा, माझ्या घरी ह्यावरून दोन तट पडलेत.

तर कोणी बघावी. ज्यांना कोर्टाचं काम जसं चालतं तसं बघायचंय त्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये, तुमची चिडचिड होईल, आणि घरात कोणी वकील असेल तर त्यांना शेजारी बसवू नका. लहान मुलांसमोर तर अजिबातच नको, बेडरूमचे सीन न सांगता येतात आणि रक्त आहे. बाकीच्यांनी पहिले दोन सीझन सलग बघा, तिसऱ्याचे नऊ एपिसोड बघून बाकीचे भराभर पळवा, चौथा नीट बघा, पाचव्याचा सारांश कुठेतरी वाचून घ्या आणि सहावा परत बसून बघा. आणि हो, शेवटच्या एपिसोडमध्ये अंत्यविधीच्या सीनला कोण चालत येतं हे आधी गुगल करायला जाऊ नका, सिरीजचं नाव टाकलं की खाली सुचवलेल्या पहिल्या दोन-तीन प्रश्नांतच सगळं फुटतं.